अलास्काच्या बोटीवर आई-बाबांना नेताना

जून-जुलैत सिॲटल किंवा व्हॅंकुव्हरहून सुटणाऱ्या अलास्काच्या बोटीवर मराठी हमखास कानावर पडतं. मुलगा-सून तिकडे नोकरीला, आई-बाबा पुण्याहून नाहीतर नाशिकहून उन्हाळ्यापुरते आलेले आणि सगळ्यांनी मिळून काढलेली सात रात्रींची क्रूझ. मी मालवण तालुक्यातला. क्रूझ बोटींच्या रेस्टॉरंट विभागात असिस्टंट वेटर म्हणून लागलो, हेड वेटर म्हणून निवृत्त झालो आणि माझे बरेच उन्हाळे अलास्काच्या मार्गावर गेले. या घरांना जेवण वाढताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. सारखेच पैसे भरून एक कुटुंब तृप्त होऊन उतरतं आणि शेजारच्या टेबलावरचं दुसरं कुटुंब आठवडाभर रांगांत उभं राहून दमून उतरतं. दोघांच्यात फरक असतो तो वेळा पाळण्याचा.

मोठ्या बोटीवर अडीच-तीन हजार प्रवासी असतात आणि त्यांना समुद्रासारखी भरती-ओहोटी असते. सकाळी साडेआठला सगळे बुफेत, नऊला सगळे उतरायच्या दारात, हिमनदी समोर आली की सगळे वरच्या डेकवर आणि पाऊण तासाने सगळे पुन्हा आत. ही भरती कुठे, कधी येते ते ओळखा आणि तिच्या उलट चाला. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीतून निघतं.

तिकीट काढण्याआधी

आधी व्हिसा, कारण इथे चुकलं तर बोट धक्क्यावरूनच दिसते. परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घ्यायचे आणि मधे दुसऱ्या देशाचं बंदर न करता परत अमेरिकेतच उतरवायचे, याला १८८६ चा एक अमेरिकन कायदा आडवा येतो. मोठ्या बोटी बहुतेक सगळ्या बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात. म्हणून सिॲटलहून निघालेली बोट जाता-येता कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबते, बहुतेक वेळा संध्याकाळी. तेवढ्या थांब्यासाठीही भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा. 'आम्ही उतरणारच नाही' हे चालत नाही, सिॲटलला बोटीवर चढूच देत नाहीत. अमेरिकेत नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांनाही तो लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवावं लागतं. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही बघून घ्या. कॅनडाच्या व्हिसाला वेळ लागतो, म्हणून भारतातून निघायच्या आधीच अर्ज करा.

मग बंदर. घरात कोणाला बोट लागत असेल तर कॅनडातल्या व्हॅंकुव्हरहून सुटणारी बोट घ्या. ती बेटांच्या आडोशाने, इनसाइड पॅसेजमधून वर जाते आणि पाणी बहुतेक शांत मिळतं. सिॲटलच्या बोटी सहसा व्हॅंकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात आणि तो पहिला दिवस हलतो. सिॲटलला राहणाऱ्यांना घराजवळून चढणं सोयीचं, हे खरं. पण सत्तरीच्या आईसाठी गाडीने तीन-चार तास जाऊन व्हॅंकुव्हर गाठणं मला जास्त पटतं.

तिसरी गोष्ट, बोट कुठल्या हिमनदीला जाते ते नीट वाचा. अलास्काच्या प्रत्येक सफरीत ग्लेशियर बे नसतो. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ बोटींना परवानगी आहे, बाकीच्या हबार्ड हिमनदीकडे किंवा एखाद्या अरुंद खाडीत जातात. त्याही सुंदर आहेत. पण निवड करता येत असेल तर मी डोळे मिटून ग्लेशियर बे सांगेन. का, ते पुढे येतंच.

केबिनच्या बाबतीत नकाशा उघडून बघा. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात कमी हलते. आपल्या वरही केबिन आणि खालीही केबिन, अशी जागा धरा. बुफेच्या खालची घेतलीत तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर. तरुणांना आतली, बिनखिडकीची स्वस्त केबिन पुरते, त्यांनी दिवसभर डेकवरच असायला हवं. आई-बाबांना मात्र बाल्कनी द्या. पांघरूण गुंडाळून, चहाचा कप घेऊन ते तिथे तासन्‌तास बसतात आणि त्यांचा खरा अलास्का तोच होतो.

महिना विचाराल तर मी जून म्हणेन. मे कोरडा आणि कमी गर्दीचा, पण थंडी बोचते. ऑगस्टनंतर पाऊस वाढत जातो. जूनमध्ये अलास्कातल्या जूनोला अठरा तासांच्या आसपास उजेड असतो, देवमासे आलेले असतात आणि डोंगरांवर बर्फ शिल्लक असतो.

जेवण

हा माझा विषय, त्यामुळे जरा सविस्तर.

शाकाहारी कुटुंबाने संध्याकाळच्या जेवणासाठी ठरलेल्या वेळेचं, ठरलेल्या टेबलाचं जेवण निवडावं. 'हवं तेव्हा या' हा पर्याय मोकळा वाटतो, पण तिथे रोज नवा वेटर आणि रोज पहिल्यापासून समजावणं. ठरलेल्या टेबलावर आठवडाभर तोच वेटर असतो. दुसऱ्या दिवशी त्याला कळलेलं असतं की काकूंना अंडं चालत नाही, तिसऱ्या दिवशी तो न सांगता चिरलेली हिरवी मिरची आणि साधं दही आणून ठेवतो.

वेळ लवकरची घ्या, साडेपाचच्या सुमाराची. आपल्याला ती फार लवकर वाटते आणि बहुतेक मराठी मंडळी आठची मागतात. पण अलास्कात जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. सात वाजता जेवून तुम्ही डेकवर आलात की उशिराच्या वेळेचे लोक तयार होऊन आत जायला लागलेले असतात. मोकळा डेक, तिरपं ऊन आणि देवमाशाचा फवारा शोधायला निवांत तीन तास. माझ्या टेबलावरच्या ज्या लोकांनी सगळ्यात जास्त देवमासे पाहिले, ते सगळे लवकर जेवणारे होते.

'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणून थांबू नका. माझ्याबरोबर वीस-पंचवीस देशांची माणसं काम करायची आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्या शब्दाचा अर्थ वेगळा. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, सूपच्या पाण्यातही नाही, असं एकेक करून सांगा. जैन जेवण हवं असेल तर तिकीट काढतानाच लेखी कळवा, निदान महिनाभर आधी. आठवड्याचा शिधा बोट जिथून सुटते त्या बंदरातच भरला जातो, मधल्या बंदरांत भाजी घेत नाहीत. ऐनवेळी सांगितलंत तर स्वयंपाकघरातला माणूस मनात असूनही काही करू शकत नाही. चढल्यावर पहिल्याच दुपारी हेड वेटरला गाठा, उद्याच्या जेवणाचा मेनू आदल्या रात्री मागा आणि काय हवं ते तेव्हाच सांगून ठेवा. डाळ-भात मागायला लाजू नका. बहुतेक स्वयंपाकघरांत भारतीय आचारी असतात, गोव्याचे, मुंबईचे, कोकणातले. डाळीला फोडणी घालायची संधी मिळाली की त्यांना बरंच वाटतं.

सकाळी बुफेत झुंबड असते तेव्हा खालच्या मुख्य रेस्टॉरंटमध्ये पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसवून नाश्ता वाढतात, त्याच पैशात. आई-बाबांना तिथे न्या. ट्रे हातात घेऊन हलत्या जमिनीवर फिरणं त्यांना जमत नाही आणि का जमावं? बंदराच्या दिवशी नाश्ता केबिनमध्येच मागवा, आदल्या रात्री दाराला कार्ड अडकवायचं असतं किंवा ॲपवर कळवायचं असतं.

विजेची किटली, पाणी तापवायची कॉइल, इस्त्री नेऊ नका. बोटीवर आगीइतकी भीती कशाचीच नसते, त्यामुळे अशा वस्तू तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. घरून डब्यात नेलेलं जेवणही अडवतात. कंपनीचं बंद पाकीट चालतं. चहासाठी सोपा मार्ग सांगतो: मसाला चहाची तयार पाकिटं आणि एक चांगला थर्मास न्या. बुफेत रात्री-अपरात्रीही गरम पाणी मिळतं. आणि बुफेतलं फळ किंवा सॅंडविच पिशवीत घालून बंदरावर नेऊ नका, कृषी नियमांप्रमाणे ते बेकायदा आहे.

जेवणाआधी हात साबणाने धुवा. दारातल्या बाटलीतलं सॅनिटायझर पुरत नाही. बोटीवर उलट्या-जुलाब पसरवणारा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही, साबण-पाण्याने मात्र तो धुऊन जातो.

पहिला दिवस

चढताना धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, चष्मे आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. रक्तदाबाची गोळी बॅगेत अडकली म्हणून स्वागतकक्षासमोर कासावीस उभे राहिलेले काका मी फार पाहिले आहेत.

सुरक्षेची कवायत मनापासून करा. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉंकॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि कवायत बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या व्हायलाच हवी असं ठरलं. आता बऱ्याच ठिकाणी चित्रफीत बघून आपल्या जमण्याच्या जागेवर हजेरी लावली की काम होतं. तिथे जाताना आई-बाबांना लिफ्टने नेऊ नका, एकदा तरी जिन्याने चालवत न्या. प्रसंग आला तर लिफ्ट मिळणार नाही आणि पायांना वाट माहीत असायला हवी.

केबिन सांभाळणाऱ्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी भेटा. जोड पलंग वेगळे करून हवे असतील, जादा पांघरूण, पलंगाजवळ दिवा, न्हाणीघरात खाली अंथरायला जादा टॉवेल, काय ते सगळं तेव्हाच सांगा. तुम्ही सकाळी किती वाजता बाहेर पडता तेही सांगितलंत तर त्याची सगळी आखणी सोपी होते आणि खोली कायम वेळेवर आवरलेली मिळते.

फोन विमानाच्या मोडवर टाका. बोटीवरचं मोबाइल नेटवर्क उपग्रहाचं असतं आणि त्याचं बिल पाहून सुट्टीची मजा जाते. अलास्काचं घड्याळ सिॲटलच्या एक तास मागे आहे. हातात साधं घड्याळ घाला आणि ते बोटीच्या वेळेवर लावा. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते आणि बोट थांबत नाही. बोटीने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर ती थांबते. स्वतः ठरवलेल्या सहलीला हा आधार नाही, म्हणून तशी सहल घेतलीत तर तास-दीड तास आधीच धक्क्यावर या.

ग्लेशियर बेचा दिवस

सगळी सफर या एका दिवसासाठी असते आणि बहुतेक लोक त्यातला निम्मा झोपून घालवतात.

बोट सकाळी लवकर उपसागरात शिरते. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन वर चढतात आणि दिवसभर लाउडस्पीकरवरून माहिती देतात. गर्दी मात्र साडेनऊच्या पुढे, हिमनदी जवळ आली की येते. तुम्ही सहाला डेकवर या. उपसागराच्या तोंडापासून हिमनदीपर्यंत शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि तो रस्ताच बघण्यासारखा आहे. मार्बल बेटांवर समुद्रसिंह लोळत असतात, रंगीत चोचीचे पफिन दिसतात, पाण्यावर उताणे पडलेले समुद्री ऑटर, दुर्बिणीतून किनाऱ्यावर एखादं अस्वल.

आणि किनाऱ्यावरची झाडं बघा. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हॅंकुव्हरच्या माणसांनी हा भाग पाहिला तेव्हा इथे उपसागर जवळजवळ नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर पोचला तोवर ती चाळीसहून जास्त किलोमीटर मागे गेली होती. त्यामुळे तोंडाशी जमीन आधी मोकळी झाली आणि तिथे दाट जंगल आहे. आत जाल तसं जंगल विरळ होतं, मग झुडपं, मग शेवाळ आणि शेवटी नुसता नागडा खडक, ज्याच्यावरून बर्फ अलीकडेच सरकलाय. दोन-सव्वादोनशे वर्षं तुमच्या डोळ्यांसमोरून उलटी सरकत जातात. हे कोणीतरी आई-बाबांना शेजारी बसून मराठीत सांगायला हवं. रेंजरचं इंग्रजी वाऱ्यात त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

उपसागराच्या आतल्या टोकाला असलेल्या मार्जरी हिमनदीसमोर बोट तासभर थांबते आणि सावकाश स्वतःभोवती फिरते. दोन्ही बाजूंना दिसतं, धावाधाव करू नका. वरच्या डेकवर ढकलाढकली असते, त्याऐवजी खालच्या, बोटीभोवती फेरी मारायच्या डेकवर किंवा मागच्या टोकाला जा. तिथे वाराही कमी लागतो. वीस-पंचवीस मिनिटांत थंडीने लोक आत पळतात. तुम्ही थांबा. बर्फाचा कडा तुटताना दिसतो आधी, आवाज मागून येतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला फक्त पाणी उसळलेलं दिसतं. म्हणून एकच एक जागा धरून, निळसर भेग असलेल्या ठिकाणी नजर ठेवा. कॅमेरा गळ्यात राहू द्या.

कपडे थरांचे: आत थर्मल, मधे स्वेटर, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. आईला साडीच सोयीची वाटत असेल तर आतून थर्मल, पायात मोजे आणि रबरी तळव्याचे बूट, छान चालतं. माकडटोपी अवश्य न्या, वाऱ्यात तिच्यासारखी दुसरी टोपी नाही. छत्रीचा डेकवर उपयोग नाही. दुर्बीण दोघांत एक नको, प्रत्येकाला एक.

बंदरं

जूनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्ता जात नाही, विमानाने नाहीतर बोटीनेच पोचायचं. पैसे कुठे तरी खर्चायचे असतील तर इथल्या देवमाशांच्या सहलीवर खर्चा. तीनेक तासांची छोट्या बोटीची फेरी असते, पाणी आडोशाचं असतं. बोटीत संडास आहे का, ते तिकीट घेतानाच विचारा. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटरवर. नगेट धबधब्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर, गुडघे धड असलेल्या आजोबांना जमते. सरकारी बस हिमनदीच्या बरीच अलीकडे उतरवते, वडीलधाऱ्यांसाठी तिकिटाची शटलच बरी आणि तीही आधी घेऊन ठेवलेली.

स्कॅगवेला १९०० साली पूर्ण झालेली अरुंद गेजची व्हाइट पास रेल्वे आहे, सोन्याच्या शोधातल्या लोकांसाठी बांधलेली. समुद्रसपाटीपासून पावणेतीन हजार फुटांच्या वर चढते. वर जाताना डाव्या हाताला बसा, दरी तिकडे आहे. तिच्या काही फेऱ्या कॅनडात शिरतात, तेव्हा पासपोर्ट-व्हिसाचं विचारून घ्या.

केचिकनला पाऊस असणारच. वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्या सिंधुदुर्गासारखा, फक्त इथे तो बारा महिने वाटून येतो. जॅकेट घाला आणि क्रीक स्ट्रीटच्या लाकडी वाटेवरून फिरा. ऑगस्टमध्ये खालच्या ओढ्यात साल्मन मासे प्रवाहाविरुद्ध चढताना दिसतात, त्याला तिकीट नाही.

आणि एखाद्या बंदरात उतरलाच नाहीत तरी चालेल. बोट रिकामी असते तेव्हा गरम पाण्याचे कुंड, वरची काचेची बैठक, सगळं तुमचंच असतं. थकलेल्या आईसाठी ती दुपार सगळ्यात चांगली जाते.

बोट लागली तर

लागायच्या आधी गोळी घ्यायची असते, नंतर तिचा उपयोग थोडा. कुठली घ्यायची ते आई-बाबांच्या डॉक्टरांना भारतातच विचारा, बाकीच्या औषधांबरोबर जमायला हवी. पोट रिकामं ठेवू नका. आम्ही बोटीवर हिरवं सफरचंद, खारी बिस्किटं आणि आलं द्यायचो. बाहेर या, क्षितिजाकडे बघा, फोनकडे नाही. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल जड असतं, म्हणून विम्यात बोटीवरचे उपचार आणि हेलिकॉप्टरने हलवणं धरलं आहे का ते वाचून घ्या.

शेवटची रात्र

बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, बूट आणि औषधं बाहेर काढल्याशिवाय बॅग बंद करू नका. सकाळी उतरायला वेळ लागतो, परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.

टिप बहुतेक कंपन्या खात्यावर आपोआप लावतात, दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर. काही जण स्वागतकक्षाच्या खिडकीवर जाऊन ती काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका. वेटर, केबिनवाला, भांडी घासणारा, सगळ्यांचा वाटा त्यात असतो आणि सहा ते नऊ महिन्यांच्या करारात त्यांना एकही पूर्ण सुट्टीचा दिवस नसतो. अलास्काचा हंगाम चालू असतानाच गणपती येतात. कोकणातल्या पोराला त्या दिवशी तीन वेळचं जेवण वाढायचंच असतं.

छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. इंडिया दिसलं तर कुठले म्हणून विचारा. 'तुमी खंयचे?' असं कोणी मला विचारलं की माझा तो सबंध दिवस चांगला जायचा. आणि घरी पोचल्यावर कंपनीची प्रश्नावली ईमेलवर येते, ती भरा. ज्यांनी तुमच्यासाठी विशेष काही केलं त्यांची नावं त्यात लिहा, बिल्ल्यावरचं स्पेलिंग फोनमध्ये टिपून ठेवा. आमच्या बढत्या आणि पुढचे करार ठरताना ती नावं मोजली जातात.